काकूंच्या खुराकातला समतोल

३ मार्च
मानवजातीने चाक शोधलं, अक्षर शोधलं, तारेवाचून बोलायची सोय केली. परंतु डब्यातला चमचा डब्याच्या वरच्या बाजूला ठेवावा, ही युक्ती अजून कुणालाही सुचलेली नाही. आज नवा डबा फोडला. 'घोड्यांसाठी सर्व जीवनसत्त्वे व खनिजे. रोज एक सपाट चमचा. चमचा सोबत.' चमचा सोबत नव्हता. झाकणाखाली पाहिलं, खोक्यात पाहिलं, खोक्याखाली पाहिलं. सौ. आतून म्हणाली, तळाशी असेल, हात घाला. इस्त्रीचा शर्ट घालून परक्या भुकटीत कोपरापर्यंत हात घालणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही. कंपनीला एक खरमरीत पत्र लिहिणार आहे. मायना मनात तयार आहे.

तूर्त स्वयंपाकघरातला जुना डाव घेतला. तर्क सरळ आहे. माणसाच्या औषधाला माणसाचा चमचा, घोड्याच्या औषधाला घोड्याचा. काकूंचं आकारमान लक्षात घेता डाव हा चमचाच होय. 'सपाट' या सूचनेचं मात्र तंतोतंत पालन केलं. वरचा ढीग बोटाने काढून टाकला.

४ मार्च
रोजनिशीला पार्श्वभूमी हवी. काकू म्हणजे आमची घोडी. वयस्कर, तांबूस, उजव्या डोळ्यावर पांढरा ठिपका. कन्या ज्या शाळेत घोडेस्वारी शिकली ती शाळा बंद पडली, तेव्हा म्हाताऱ्या घोड्यांचं काय करायचं असा प्रश्न निघाला. कन्या रडली. मी म्हणालो, तात्पुरतं आपल्याकडे ठेवू. त्या दिवसापासून गॅरेजमध्ये काकू आणि रस्त्यावर गाडी. पुढे गाडी विकली. काकू हे नाव कन्येने ठेवलं, कारण ही घोडी आल्यागेल्याकडे 'लग्नाला का नाही आलात' अशा नजरेने बघते.

कन्या आता दुसऱ्या शहरात शिकते. परवा फोन आला. तिने आधी काकू कशी आहे विचारलं, मग आई कशी आहे, मग मी. वर्णमालेप्रमाणे आई पहिली यायला हवी; पण तिसरा क्रमांक माझा नियमानेच आहे, तेव्हा तक्रार नाही. पुढे म्हणाली, बाबा, फोटोत काकूच्या बरगड्या दिसतायत, तू तिला नीट खायला घालतोस ना?

या प्रश्नाने मी दुखावलो नाही. मी कामाला लागलो. मेच्या अखेरीस ती सुटीला येईल. तिला म्हटलं, तेव्हा तू काकूंना ओळखणार नाहीस.

६ मार्च
दोन दिवसांत विषय आटोक्यात आला. बातमीदाराला हे साधतंच. पाणीपुरवठ्याच्या बातम्या देता देता त्या विषयातही मी असाच तज्ज्ञ झालो. सारांश असा: कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं गुणोत्तर हवं, पहिलं जास्त, दुसरं कमी. कोंड्यात नेमकं उलट असतं. तांबं आणि जस्त यांचंही आपसात जमावं लागतं, आणि लोह फार झालं की ते दोघांनाही बसू देत नाही. थोडक्यात, एकत्र कुटुंब. आणि सेलेनियम: इतकं सूक्ष्म, की डोळ्यांना दिसत नाही, पण ज्याच्या अभावी सगळं व्यर्थ. तत्त्वज्ञानात अशा पदार्थाला फार मान आहे.

मोठा रंगीत तक्ता करून गॅरेजच्या भिंतीवर लावला. सौ. शाळेत भूमिती शिकवते. तिने तक्ता पाहिला आणि म्हणाली, रेघा छान आल्यात.

७ मार्च
काकूंनी तक्त्याचा जस्ताचा कोपरा खाल्ला. शरीर स्वतःच उणीव ओळखतं, ते असं.

११ मार्च
डॉक्टरबाई लस टोचायला आल्या. मी त्यांना माझी योजना समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, आधी गवत तपासून घ्या, गवतात काय आहे ते कळल्याशिवाय वरून काय घालणार? शिवाय दोन डबे एकत्र करू नका. शिवाय सेलेनियम जपून, पुरेसं आणि जास्त यात फारसं अंतर नसतं. काकूंच्या दातांबद्दलही काहीतरी बोलत होत्या, तोंड उघडून बघायला हवं वगैरे. विषयांतर. मी म्हणालो, पुढच्या वेळी बघू, आज मला पेपरला मजकूर द्यायचाय.

एकंदरीत माझ्या दिशेला तज्ज्ञांचा पाठिंबा मिळाला.

१५ मार्च, सकाळ
दुसरा डबा आणला. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, दोन डबे एकत्र करू नका. म्हणून एक सकाळी देतो, एक संध्याकाळी. याही डब्यात चमचा नाही. कंपन्यांची ही साखळी दिसते. पत्र आता दोघांना मिळून लिहीन.

१५ मार्च, दुपार
माझ्या स्वतःच्या रक्ताचा अहवाल आला होता, तो सौ.ने पुन्हा समोर ठेवला. डी जीवनसत्त्व कमी आहे म्हणे. गोळ्या महिन्यापासून कपाटात आहेत. म्हणाली, घोडीला दोन-दोन डबे, आणि स्वतःला एक गोळी जड होते? मी म्हणालो, गोळ्यांची वेळ मी ठरवीन. आहारशास्त्रात आधी कुटुंबातल्या दुर्बल घटकाकडे पाहायचं असतं. तिने विचारलं, तो कोण? मी डबा उचलून गॅरेजमध्ये गेलो. वाद वाढवून काही मिळत नाही.

२० मार्च
संपादकांना लेखमाला सुचवली: 'अश्वाहारातील सूक्ष्म समतोल', आठ भाग. त्यांनी विचारलं, आपल्या वाचकांपैकी किती जणांकडे घोडा आहे? मी म्हणालो, किती जणांकडे रॉकेट आहे? तरी आपण रॉकेटबद्दल छापतो. ते म्हणाले, बरं, एकच भाग द्या, मुलांच्या पुरवणीत टाकू. एका वाक्यात होकार मिळवला.

२८ मार्च
लेख छापून आला. मथळा: 'घोडा काय काय खातो?' शेजारी पाणघोड्याचं चित्र. माझ्या तेराशे शब्दांतले नऊशे गेले. सेलेनियम गेलं, गुणोत्तरं गेली. डावाचा परिच्छेद मात्र राहिला: 'घोड्याला चमचा नव्हे, डाव हवा.' सौ.ने तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, हा तुमचा शोध? मी मान हलवली. ती म्हणाली, बघा हं.

२ एप्रिल
वाचकाचं पत्र. पुरवणीला एकच आलं, पण ते माझ्या लेखाला आलं. त्यांच्याकडे गाढव आहे. त्याला किती डाव द्यावेत, असं विचारलंय. सविस्तर उत्तर पाठवलं. लोक आता सल्ला मागतात.

९ एप्रिल
खरारा करताना ब्रशात शेपटीचे केस बरेच आले. ऋतुबदल.

१४ एप्रिल
आयाळीचेही आले. ऋतुबदल चालू आहे.

१६ एप्रिल
केस गळण्याची कारणं वाचली. खनिजांची कमतरता, असं पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहिलंय. पुढच्या ओळी लांबलचक होत्या. म्हणजे माझं निदान बरोबर होतं, मात्रा भित्रेपणाने दिली. उद्यापासून दोन्ही वेळा सव्वा डाव. काकूंनी गव्हाणीच्या कडेला भुकटी नीट बाजूला सारून ठेवली होती, जसं कोणी जेवणातला कढीपत्ता काढून ठेवतं. मी ती ओल्या कोंड्यात कालवून परत दिली. प्रेमात कठोरपणा लागतो.

१९ एप्रिल
नालबंद आला. खूर तासता तासता थांबला आणि म्हणाला, साहेब, खुरावर वळ्या उठल्यात, भेगा जातायत, पाय उचलायला कुरकुरते. मी विचारलं, कारण? तो म्हणाला, खुराकच कमी पडतोय, दुसरं काय? माझ्याकडे खुरांची खास भुकटी आहे, माझा मेहुणाच बनवतो. त्याने लगेच पिशवीतून डबा काढला. तज्ज्ञांचं एकमत झालं की शंका उरत नाही. डबा घेतला. यातही सेलेनियम आहे, हे पाहून आनंद झाला. तिसरा डबा दुपारी देईन.

२१ एप्रिल
कन्येने फोटो मागितला. काकूंना समोरून टिपलं, म्हणजे शेपूट दिसत नाही. कानही अशा कोनातून, की आयाळ दिसत नाही. उरलं नाक. नाकाचा फोटो उत्तम आला. कन्या म्हणाली, बाबा, बाकीची काकू कुठे आहे? मी म्हणालो, कला आहे ती.

२६ एप्रिल
तिने पुन्हा फोटो मागितला, पूर्ण. गेल्या वर्षीचा पाठवला. कशी चमकते बघ, असं खाली लिहिलं. पाच मिनिटांत फोन. बाबा, मागे आपली गाडी उभी आहे, ती तर आपण विकली ना? मी म्हणालो, शेजाऱ्यांनी तशीच घेतलीय. ती म्हणाली, तोच नंबर? मी म्हणालो, फोन कटतोय बहुतेक. कटत नव्हता, मी कापला.

सौ. समोर बसून वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, सिद्धता चुकली की पुढचं सगळं चुकतं. हे ती विद्यार्थ्यांना म्हणाली असावी. खोलीत विद्यार्थी नव्हते.

२ मे
काकू आज चालताना पुढचा डावा पाय टेकेनात. गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत लग्नाचं काही नव्हतं.

पहिला डबा रिकामा होत आला आहे. वेष्टनावर लिहिलंय, हा डबा एका घोड्याला दीड वर्ष पुरतो. हे जाहिरातबाजीचं उदाहरण म्हणून लेखात वापरता येईल.

३ मे, सकाळ
डबा खरवडताना तळाशी काहीतरी लागलं. चमचा. निळा, प्लास्टिकचा, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा.

प्रथमदर्शनी हा चमचा शिंगरांसाठी असावा.

३ मे, दुपार
वेष्टन पुन्हा वाचलं. शिंगरांसाठी अर्धा चमचा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यात हात घातला. कोपरापर्यंत. शर्ट इस्त्रीचाच होता. दोन्हीच्या तळाशी एकेक निघाला. मग एका डावात असे चमचे किती मावतात ते पाहायला बसलो. थोड्या वेळाने मोजणं थांबवलं.

वेष्टनावरची पुढची ओळ आज वाचली: सेलेनियम असलेल्या दुसऱ्या उत्पादनासोबत देऊ नये. जास्त झाल्यास आयाळ व शेपटीचे केस गळणे, खुरांवर वळ्या उठणे, लंगडणे. कमतरतेची आणि अतिरेकाची लक्षणं इतकी जवळजवळ ठेवणं हा निसर्गाचा गलथानपणा आहे. यावर एक लेख होऊ शकतो.

लिहिणार नाही.

४ मे
ठरवलं, कोणाला न सांगता हळूहळू कमी करायचं. एकदम बंद केलं तर शरीराला धक्का बसतो. उद्या अर्धा डाव.

तिन्ही चमचे धुऊन ओट्यावर ठेवले होते. सौ. शाळेतून आली, चमच्यांकडे पाहिलं, मग डावाकडे, मग माझ्याकडे. दप्तर खाली न ठेवता डॉक्टरबाईंना फोन लावला. मला म्हणाली, तुम्ही तोवर ते तिन्ही डबे बाहेर आणून ठेवा, आणि डाव इथे द्या. मी दिला.

५ मे
डॉक्टरबाई आल्या. रक्त घेतलं, खूर दाबून पाहिले. काकू एरवी डॉक्टरबाईंना चावायला बघतात. आज मान खाली घालून उभ्या होत्या. डॉक्टरबाईंनी तिन्ही डबे एका रांगेत ठेवून वाचले. मग विचारलं, गवत तपासलं होतं का? मी म्हणालो, राहून गेलं. त्यांनी गवताची मूठ पिशवीत भरून घेतली.

मग त्यांनी काकूंचं तोंड उघडलं आणि बॅटरी लावली. मला जवळ बोलावलं. मागच्या दाढांना सुऱ्यासारख्या कडा आल्यात, आतून गाल कापले गेलेत. म्हणून ती नीट चावत नव्हती, म्हणून बारीक झाली होती, असं त्या म्हणाल्या. त्यात कुठलंही खनिज नव्हतं. दाढा घासल्या असत्या तर काम झालं असतं. मी विचारलं, मार्चमध्येच? त्या म्हणाल्या, हो, मी आले होते ना तेव्हाच.

आता सगळे डबे बंद. गवत, मीठ, पाणी. गॅरेजमध्ये जाड वाळू, म्हणजे पायांना मऊ. खूर पूर्ण नवा यायला जवळजवळ वर्ष लागतं. विचारलं, जगेल ना? त्या म्हणाल्या, वय झालंय तिचं, पुढचे दोन आठवडे बघू या.

६ मे
गाढवाच्या मालकाला फोन केला. नंबर दोनदा चुकला, हे इथे नोंदवायला हरकत नाही. मी म्हणालो, डाव देऊ नका. तो म्हणाला, नाहीच दिला, पेपर वाचून गाढवाला खायला कोण घालतं, साहेब? सहजच विचारलं होतं. एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

संपादकांना दुरुस्ती पाठवली. छापणार आहेत. पाणघोड्याच्या चित्राशेजारीच.

१२ मे
गवताचा अहवाल आला. आमच्या गवतात सेलेनियम मुळात पुरेसं आहे. कॅल्शियम बरं आहे. तांबं किंचित कमी, एका चिमटीची गोष्ट. भिंतीवरचा तक्ता काढला. काढावा लागला नाही फारसा, बराचसा काकूंनी आधीच खाल्ला होता.

१५ मे
काकूंनी आज गवत खाल्लं. अर्धी पेंढी. दाढा घासल्यावर चावण्याचा आवाज येतो, तो मी विसरलो होतो. बादलीवर बसून ऐकला.

सौ. रोज जेवणानंतर माझ्या हातावर गोळी ठेवते आणि मी गिळेपर्यंत उभी राहते. गोळ्या किती घ्यायच्या हे वेष्टनावर पाहिलं. एकच.

२० मे
कन्येचा फोन. मी सांगणार होतो. ठरवून बसलो होतो, पहिलं वाक्यही तयार होतं. तिने विचारलं, काकू कशी आहे? मी म्हणालो, गवत खातेय. हे खरं होतं. त्याच्या पुढचं वाक्य निघालं नाही. मग ती म्हणाली, या वेळी दोनच दिवस येईन बाबा, इकडे एका ऑफिसात काम शिकायला बोलावलंय, सुटी तिथेच जाईल. मी म्हणालो, उत्तम, अनुभव मिळेल. फोन ठेवल्यावर सौ.ने विचारलं, सांगितलंत? मी म्हणालो, तिला घाई होती.

२७ मे
कन्या सकाळी आली. पिशवी दारातच टाकली आणि थेट गॅरेजमध्ये गेली. मी मागोमाग. वाळूत काकू उभ्या, आयाळ ठिकठिकाणी विरळ, शेपटीचा दांडा उघडा. मी बोलायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, मला माहितीये बाबा. आईने सगळं सांगितलंय, डॉक्टरांशी मी रोज बोलते. तुझ्याकडून ऐकायचं होतं म्हणून वाट बघत होते.

मी म्हणालो, डबा होता. चमचा तळाशी होता. ती हसली नाही. काकूंच्या गळ्याला हात टाकून उभी राहिली. काकूंनी तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले. माझ्यासाठी त्यांनी कधी डोळे मिटलेले नाहीत.

दुपारी तिने त्या ऑफिसला फोन करून सांगितलं, आमच्या घरात आजारपण आहे, मी महिनाभर येऊ शकत नाही. मग मला म्हणाली, बाबा, पाण्याच्या बादल्या तू भरायच्या. बाकी कशाला हात लावायचा नाही. मी हो म्हणालो. दोन बादल्या भरल्या. त्यात काही घातलं नाही.

संध्याकाळी त्या दोघी अंगणात हळूहळू फिरत होत्या, काकू लंगडत आणि कन्या त्यांच्या चालीने. मी बादली घेऊन दारात उभा होतो. कन्या महिनाभर राहणार आहे. ते माझ्या चुकीमुळे झालं, आणि मला त्याचा आनंद झाला. हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

काकू बऱ्या होतील, असं डॉक्टरबाई म्हणतात. पण त्यांचं वय झालंय, अजून पाच वर्षं की दोन, कुणी सांगत नाही. त्या नसतील तेव्हा कन्या फोनवर पहिलं कोणाबद्दल विचारेल, आणि घरी कोणासाठी येईल, हे मला माहीत नाही. मला त्याची भीती वाटते. मार्चपासून वाटतेय.